साडेतीस मिलिमीटरचं काळं वर्तुळ

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराची गच्ची सरळ मोजली तर नऊ मीटरच भरते, आणि एअर रायफलीच्या नेमबाजीला दहा मीटर लागतात. तिरकी मोजली, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून जिन्याच्या खोलीच्या भिंतीपर्यंत, तर अकराला थोडी कमी. ही तिरकी रेघ ज्या संध्याकाळी सापडली, त्याच संध्याकाळी सात वर्षं कपाटात पडून असलेली एअर रायफल मी बाहेर काढली.

कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टूची रायफल पालथं पडून चालवली होती. तेव्हापासून हा खेळ मनातून गेला नाही. इंदूरच्या माणसाच्या मनातून तो जाणं तसं अवघडच. महू इथून तासाभरावर, आणि महूत सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाज घडवणारं केंद्र. लंडनला २०१२ साली रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक घेणारे विजय कुमार तिथलेच. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर रायफल घेऊन ऑलिंपिकपर्यंत पोचला. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं, ती फायनल मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून फोनवर पाहिली. लेक शाळेत असताना तिच्यासाठी देशी बनावटीची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल घेतली होती. ती तीन वर्षं मन लावून शिकली, मग पुण्याला शिकायला गेली. रायफल माझ्याकडे राहिली.

नळी ४.५ मिलिमीटरची आणि ताकद २० जूलच्या आत असेल, तर एअर रायफलीला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. मॅचच्या रायफली तर साडेसात-आठ जूलवरच थांबतात. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगानं जातो, एवढीच ती ताकद. पण एवढ्यानंही डोळा जातो. म्हणून पुढं आम्ही बारा हौशी नेमबाजांनी आपापल्या घरून एक मॅच खेळली, तेव्हा टार्गेटच्या कार्डावरून, कागदावरून, तारखांवरून वाद झाले, तरी एका बाबतीत पहिल्या दिवसापासून कुणी तोंड उघडलं नाही: टार्गेटच्या मागे दार-खिडकी नसलेली पक्की भिंत नसेल, तर त्या माणसानं खेळायचं नाही. पक्ष्यांवर नेम धरणारा माणूस आम्हाला नकोच होता, तसा एकजण विचारत आला होता, त्याला नाही म्हटलं.

या सगळ्याला सुरुवात झाली ती फोनवरच्या बढाईतून. ग्वाल्हेरला लश्कर भागात माझ्या मोठ्या जावेचे काका राहतात, वय अडुसष्ट. बडोद्याला दांडिया बाजारात माझा मावसभाऊ. दोघंही जुने हौशी नेमबाज. दिवाळीनंतर दर रविवारी काकांचा फोन: "आज चारशेपैकी तीनशे एक्याऐंशी!" तासाभरात दादाचा: "सांग त्यांना, माझे तीनशे पंच्याऐंशी." मी दोघांच्या मध्ये बसून आकडे पोचवायची. एकदा मी विचारलं, कार्ड कुठलं वापरता? काका म्हणाले, दुकानातून पूर्वी आणलेलं एक होतं, त्याची झेरॉक्स. दादानं स्वतः कंपासनं काढलं होतं. अंतर? काकांचं "दहाच असेल", दादाचं "गच्ची जेवढी आहे तेवढं".

म्हणजे ते दोघं एकमेकांशी खेळतच नव्हते.

पोस्टानं मॅच खेळायची पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लंडातले छोटे रायफल क्लब आपापल्या रेंजवर गोळ्या मारत, कार्डं पोस्टानं पाठवत आणि एक माणूस बसून सगळ्यांची मोजणी करत असे. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, भारतातूनच एक आंतरराष्ट्रीय ऑनलाइन स्पर्धा झाली होती. निरनिराळ्या देशांचे नेमबाज आपापल्या घरातून दहा मीटरवर खेळले. पण त्यांच्यातल्या अनेकांकडे इलेक्ट्रॉनिक टार्गेट होतं, गोळी लागली की पडद्यावर आकडा. आमच्याकडे कागद. मग म्हटलं, कागदावरच करू, पण नीट करू. इंदूरचे पाच, ग्वाल्हेरचे तीन, बडोद्याचे चार असे बाराजण जमले. सगळे ओळखीतून ओळखीतले. सर्वांत लहान बावीस वर्षांची, सर्वांत मोठे आमचे काका.

नीट करायचं म्हणजे काय, हे मला पहिल्या चाचणीत कळलं. मी कार्डाची पीडीएफ बनवली आणि तिन्ही गावांना पाठवली. दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याएवढा, आणि पांढरा. त्याच्याभोवती नऊचं कडं साडेपाच मिलिमीटरचं, पुढं प्रत्येक कडं पाच-पाच मिलिमीटरनं मोठं. चारपासून नऊपर्यंतचा भाग काळा. तो काळा गोल बरोबर ३०.५ मिलिमीटर. उभं राहून पीप साइटमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकातून, पाहताना खसखशीचा दाणा काही दिसत नाही. दिसतो तो काळा गोल, आणि तो पुढच्या साइटच्या कड्यात मधोमध बसवायचा, सभोवार पांढरी फट सारखी ठेवायची. म्हणजे नेमबाजाचं सगळं त्या काळ्यावर.

चाचणीची कार्डं आली. मी सहज पट्टी लावली. ग्वाल्हेरचा काळा २९.३. बडोद्याच्या दोन कार्डांचा ३०.५, दोन कार्डांचा ३१ च्या वर. माझ्याच गल्लीत छापलेला २९.६. छपाईच्या दुकानात कागदावर मावेल तसं लहान करून छापण्याची खूण संगणकात आपोआप पडलेली असते, मुलगा ती काढत नाही, आणि आपण वर्तुळाकडे पाहून 'छान आलं' म्हणतो. एका मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. दहा आणि नऊ यांच्यातलं अंतर अडीच मिलिमीटर असताना मात्र तो फार मोठा असतो.

तेव्हा ठरवलं, सगळ्यांची कार्डं इंदुरात एकाच छापखान्यात, एकाच कागदावर छापायची आणि मीच पाठवायची. छापखानेवाले भाऊ म्हणाले, "ताई, लग्नपत्रिकेचा कागद घ्या, जाड आहे, चमकतो." घेतला. गच्चीवर जाऊन दहा छर्रे मारले. चकाकत्या कागदाला छर्रा लागला की भोक पडत नाही, तारा पडतो; कडा फाटून मागे वळतात आणि भोकाची खरी कड कुठं होती ते सांगता येत नाही. मॅचच्या छर्ऱ्याचं तोंड मुद्दाम सपाट केलेलं असतं, पंचिंग मशीननं पाडावं तसं गोल भोक पडावं म्हणून. पण त्याला कागदाची साथ हवी. तीन कागद वाया गेले. चौथा, खरखरीत, बिनचमकीचा, थोडा भुसभुशीत, भाऊंनी गोदामातून शोधून काढला. त्यावर भोक गोल पडलं. शाईही साधी ऑफसेटची घेतली, कारण लेझर प्रिंटरचा काळा दिव्याखाली चमकतो आणि चमकलेल्या काळ्याची कड डोळ्याला पळती दिसते. एका ए-फोर कागदावर बारा गोल: दोन सरावाचे, दहा मोजणीचे, एका गोलात एकच छर्रा. प्रत्येक कागदावर रबरी शिक्क्यानं क्रमांक. छापून झाल्यावर भाऊंच्या टेबलावरच मी गठ्ठ्यातली वीस कार्डं पट्टीनं मोजली. वीसही ३०.५. त्यांनी मला पोह्यांची प्लेट मागवली आणि मला वाटतं त्या दिवसापासून तेही या मॅचमध्ये सामील झाले.

मग अंतर. दादाची गच्ची आठ मीटरची. तो म्हणाला, "सोपं आहे, माझं कार्ड लहान करून ऐंशी टक्क्यांवर छाप." मलाही आधी ते पटलं. आमच्या गल्लीत एक आप्पा राहतात, इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, स्वतः रायफल धरत नाहीत पण मोजमापाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी वहीचं पान घेतलं. दहा मीटरवर छर्ऱ्याची कड दहाच्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं: पाव मिलिमीटर ठिपक्याची त्रिज्या, सव्वादोन छर्ऱ्याची. आठ मीटरवर तेवढंच अवघड ठेवायचं, तर अडीचचे दोन व्हायला हवेत. पण कार्ड लहान झालं म्हणून छर्रा लहान होत नाही. त्याची एकट्याची त्रिज्याच सव्वादोन. "दहाचा ठिपका पार पुसून टाकलास," आप्पा म्हणाले, "तरी आठ मीटरवरचा दहा सोपाच राहणार." नऊ मीटरवर हिशेब बरोबर शून्य ठिपक्यावर येतो. त्याहून जवळ गेलं की त्या नियमानं न्याय करताच येत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, हौशी लोकांच्या खेळात एवढं कशाला. मला तसं वाटत नाही. माणूस हौशी आहे म्हणूनच त्याच्याकडे दुसरं काही नसतं: ना रेंज, ना पंच, ना बक्षीस. जे काही असतं ते एवढंच, की समोरच्यानं जे केलं तेच मी केलं. तेही नसेल तर मग फोनवरची बढाईच बरी.

दादाचं घर जुन्या पद्धतीचं, लांबट आणि अरुंद. ओसरी, मधली खोली, बोळ आणि मागची कोठी एका रेषेत. दारं उघडली तर ओसरीपासून कोठीच्या मागच्या भिंतीपर्यंत सोळा मीटर. वहिनींनी दोन अटी घातल्या: बोळात उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी, आणि ती कडी त्या स्वतः काढतील तेव्हाच निघेल, आणि छर्ऱ्याला हात लावलेल्या माणसानं साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. शिसं आहे, त्यांचं बरोबर होतं. दुसरी अट आम्ही सगळ्यांच्या नियमांत घातली.

बाकीचे नियम पटकन ठरले. चाळीस गोळ्या, सव्वा तास. अधिकृत मॅच साठची असते. २०१७ पर्यंत बायकांना चाळीस आणि पुरुषांना साठ असत, आता दोघांना साठ. आम्ही सगळ्यांना चाळीस ठेवल्या, कारण काकांचे गुडघे. दोन गट: पीप साइटवाल्या मॅच रायफली एका गटात सात, साध्या स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या रायफली दुसऱ्या गटात पाच. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीत असतानाच मागे-पुढे हिसका देते, दर वेळी तितक्याच सैल हातानं धरली तरच ती सरळ मारते. तिची मॅच रायफलीशी तुलना करणं अन्याय आहे. प्रत्येक कार्डावर नेमबाजाची सही, घरातल्या एका साक्षीदाराची सही आणि वेळ. पाठवण्याआधी पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक कार्डाचा फोटो.

तारीख मात्र ठरता ठरेना. मी जानेवारीचा दुसरा रविवार म्हटलं तर बडोद्याहून चौघांचे चार फोन. उत्तरायणाच्या आसपास बडोद्यात कुणाची गच्ची मोकळी असते? चौदाला पतंग, पंधराला वासी उत्तरायण, आणि त्याच्या आधी आठवडाभर पोरं वरच. दादा घरात मारणार होता, पण बाकी तिघं गच्चीवर. ग्वाल्हेरचे म्हणाले, जानेवारीत आमच्याकडे सकाळी अकरापर्यंत धुकं, दहा मीटरवरचा काळा करडा दिसतो, आणि बोटं इतकी गारठतात की ट्रिगर दाबला की नाही ते आवाजावरून कळतं. फेब्रुवारीचा पहिला रविवार धरला, सकाळी साडेदहा. रेंजवर टार्गेटवर दीड हजार लक्स उजेड हवा असतो. आम्ही फोनमधल्या उजेड मोजणाऱ्या अॅपवर हजाराच्या वर आला की चालेल म्हटलं. अर्ध्यांनी दोन-दोन एलईडी दिवे लावले.

त्या सकाळी बारा फोन बारा ठिकाणी नेमबाजाच्या पाठीमागे उभे होते. पडद्यावर बारा चौकोन आणि प्रत्येकात एक पाठ. कुणी जुनं स्वेटर घातलेलं, कुणी खरं कॅनव्हासचं जॅकेट. काकांनी काकूंची शाल कमरेला घट्ट बांधली होती. माझ्या टार्गेटचा खोका लाकडी, आत जुनी सुती लुगडी घट्ट कोंबलेली, त्यामागे रबरी पायपुसणं आणि मग पोलादी पत्रा. मी म्हटलं, "भरा", आणि मग सव्वा तास कुणी बोललं नाही. नुसते टक्... टक्... असे आवाज, तीन गावांतून, आणि मधूनच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. आमच्या गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत आली, ते ग्वाल्हेरपर्यंत ऐकू गेलं.

पहिल्या सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्या दहा गोळ्यांत, माझा श्वास वर अडकलेला होता. रायफल साडेचार किलोची; डावा कोपर बरगडीच्या खाली कमरेच्या हाडावर टेकला की वजन हाडांवर जातं, नाहीतर दंड थरथरतो. अकराव्या गोळीपासून कोपराला जागा सापडली. काळा गोल कड्यात आला, किंचित डावीकडे सरकला, परत आला. श्वास अर्धा सोडून थांबले. बोटाला ट्रिगरचा पहिला टप्पा लागला. काळा थांबला असं वाटलं त्याच क्षणी बोटानं पुढचं काम केलं आणि मी रायफल तशीच धरून ठेवली, छर्रा लागल्यावरही, मनात एक-दोन मोजेपर्यंत. लेकीचे सर तिला हेच सांगत: गोळी सुटली म्हणून तू सुटू नकोस. ती गोळी नंतर दशांशांच्या मोजणीत १०.६ भरली; एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. तेविसाव्या गोळीला मात्र घाई झाली, ट्रिगर ओढला गेला, आणि सुटताक्षणी मला कळलं की ती उजवीकडे खाली गेली. ७.२.

पाकिटं यायला सहा दिवस लागले. ग्वाल्हेरची स्पीड पोस्टानं तिसऱ्या दिवशी आली. बडोद्याचं एक पाकीट एका कुरिअरवाल्यानं कुठं ठेवलं होतं कोण जाणे, ते ओलं होऊन आलं. चार कार्डं एकमेकांना चिकटलेली, कागद फुगलेला, भोकं आक्रसून बाजरीच्या दाण्यासारखी झालेली. ती त्या बावीस वर्षांच्या मुलीची होती. तिचा आवाज फोनवर इतका पडला की मला काय बोलावं सुचेना. पण तिनं फोटो नियमाप्रमाणे काढले होते, पट्टी शेजारी, वरून सरळ, एकही तिरपा नाही. आम्ही फोटोंवरून मोजलं. कागदाला नाही म्हणायचं आणि फोटोला हो, हा निर्णय मी एकटीनं घेतला नाही. अकराजणांना विचारलं, अकराजण हो म्हणाले.

मोजणी आमच्या जेवणाच्या टेबलावर, तीन संध्याकाळी. चारशे ऐंशी भोकं. भाच्यानं प्रत्येक कार्ड सहाशे डीपीआयवर स्कॅन केलं, म्हणजे एका मिलिमीटरात साधारण चोवीस ठिपके. भोकाच्या कडेवर तीन जागी खूण करायची, त्या तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ काढायचं, त्याचं केंद्र मध्यापासून किती दूर ते पाहायचं. दर पाव मिलिमीटरला दशांश एक कमी. मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९, त्याच्या वर आकडाच नाही. खुणा मी करायची, तेच भोक भाचा पुन्हा करायचा, दोघांत दशांश एकाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

दहा की नऊ असा वाद पडला तर आप्पांचा गेज. पोलो ग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी पितळेचा करून घेतला होता: ४.५ मिलिमीटरची कांडी आणि तिच्यावर साडेपाच मिलिमीटरचं पातळ कडं. कांडी भोकात हलकेच सोडायची, दाबायची नाही. कड्याची बाहेरची कड आठच्या वर्तुळाच्या आत राहिली तर दहा, बाहेर डोकावली तर नऊ. असं का, ते आप्पांनी समजावलं तेव्हा मला फार आवडलं: लागलेल्या दहाचं केंद्र जास्तीत जास्त अडीचवर, त्यात कड्याची पावणेतीन त्रिज्या मिळवली की सव्वापाच, आणि आठच्या वर्तुळाची त्रिज्या बरोबर सव्वापाच. दहाचा ठिपका तर छर्ऱ्यानं खाऊन टाकलेला असतो, म्हणून न्याय बाहेरच्या, शाबूत वर्तुळावरून करायचा. आप्पा भिंग डोळ्याला लावून खाली वाकायचे, श्वास धरायचे, आणि मग एकच शब्द बोलायचे.

काकांचे ३७७.६ आले. दादाचे ३७६.५. स्प्रिंगच्या गटात इंदूरच्याच एका शिक्षकांनी ३४१ च्या वर मारले, त्या रायफलीवर हे फार आहे. माझे ३५८.४, सातांत पाचवी. निकाल रविवारी सांगायचा ठरलं होतं.

शनिवारी रात्री काकांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "अगं, निकाल लागला का?" मी म्हटलं, उद्या सांगणार. "मग ऐक. माझा निकाल लावू नकोस."

त्यांनी त्या दिवशी गच्चीवरचा खोका आवरायला घेतला होता. टेप परत लावून पाहिला तेव्हा लक्षात आलं की मॅचच्या आधी त्यांनी रेषेपासून भिंतीपर्यंत दहा मीटर मोजले होते. खोका भिंतीला टेकलेला, आणि खोक्याची खोली बावीस सेंटिमीटर. कार्ड खोक्याच्या तोंडावर. म्हणजे चाळीसच्या चाळीस गोळ्या त्यांनी ९.७८ मीटरवरून मारल्या होत्या. काकू मागून म्हणाल्या, "संध्याकाळपासून जेवले नाहीयेत."

बारा कॅमेऱ्यांपैकी एकातही हे दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. कार्डावरच्या भोकांतून ते कुणालाच कळलं नसतं.

मी आणि आप्पा रात्री अकराला वही घेऊन बसलो. दशांश वजा होतात ते मध्यावरच्या पूर्ण ११ पासून, म्हणून चाळीस गोळ्यांची या हिशेबातली मर्यादा ४४०. त्यातून ३७७.६ वजा केले की ६२.४ उरतात, मध्यापासून जी काही दूरी पडली ती एवढी. दहा मीटरवरून ती दूरी सव्वादोन टक्क्यांनी वाढली असती. ६२.४ चे सव्वादोन टक्के म्हणजे १.४. काकांचे ३७६.२ होतात. दादापेक्षा तीन दशांशांनी कमी.

सकाळी मी दोघांना एकत्र फोन लावला. दादा म्हणाला, "काका, नेम तुमचाच लागलाय. बावीस सेंटिमीटरनं काय होतं? पहिला नंबर तुमचाच ठेवा." काका म्हणाले, "बावीस सेंटिमीटर माझ्या बाजूनं होते रे. तुझ्या बाजूनं असते तर तू सांगितलं असतंस ना?" दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सांगितलं असतं." मॅचमधून काढून टाका, हा काकांचा हट्ट मी मान्य केला नाही. चूक मोजता येत होती, आणि मोजता येणारी चूक मोजून दुरुस्त करावी, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. निकालपत्रावर काकांच्या नावापुढं ३७६.२ लिहिलं आणि खाली लाल शाईनं कारण, अंतरासकट. ते वाक्य त्यांनी मला स्वतः सांगून लिहवून घेतलं.

बक्षीस म्हणून दोन्ही गटांच्या पहिल्यांना आणि त्या ओल्या कार्डवाल्या मुलीला इंदूरची लवंगी शेव गेली, एकेक किलो. सगळ्यांची कार्डं मोजणीच्या खुणांसकट परत पाठवली.

पुढची मॅच ऑगस्टमध्ये, पावसात घरातच मारू शकणाऱ्यांची. भाऊंनी नवी कार्डं छापून दिली आहेत, शिक्का १४५ पासून पुढं चालू. या वेळी प्रत्येक पाकिटात कार्डांबरोबर कडक तांब्याच्या एकेरी वायरीचं एक वेटोळं आहे, दोन्ही टोकांना फासा. दोन फाशांमधलं अंतर आप्पांनी पोलादी टेपवर दहा मीटर धरून कापलं आहे. एक फासा कार्डाच्या खिळ्यात अडकवायचा, दुसरा उभ्या राहिलेल्या माणसाच्या बुटाच्या टोकाशी यायला हवा. ग्वाल्हेरचं पाकीट मी सर्वांत आधी बांधलं. काकांनी फोनवर विचारलं होतं, वायर उन्हात लांबते का? आप्पांनी हिशेब करून सांगितलं, दहा मीटरला वीस अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. काका म्हणाले, मग ती सावलीत ठेवीन.